चित्रफितीवरून शेतकीचा धडा

शेतकीचें ज्ञान पुस्तकांतून घेण्यापेक्षां दुसऱ्याचें काम पाहून घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. बांधावर उभें राहून शेजाऱ्याची पेरणी पाहावी, चार प्रश्न विचारावे, आणि पटलें तर पुढल्या सालीं आपल्या एका तुकड्यावर करून पाहावें, ही ती चाल. आतां हा बांध मोबाईलमध्यें आला आहे. सांगलीकडील बागाईतदार नाशिकच्या द्राक्षमळ्यांतील छाटणी घरीं बसून पाहतो, आणि लातूरकडील सोयाबीन पेरणारा ब्राझील देशांतील पेरणीयंत्र पाहतो. पाहण्याची सोय इतकी वाढली, परंतु शिकण्याची सोयही तितकीच वाढली असें म्हणतां येत नाहीं. बांधावरून पाहण्यांत तीन गोष्टी होत्या : शेजाऱ्याची जमीन आपल्यासारखीच होती, त्याला उलट प्रश्न विचारतां येत होता, आणि त्याच्या पिकाचें पुढें काय झालें हें दिवाळीपर्यंत डोळ्यांनीं दिसत होतें. मोबाईलवरील चित्रफितींत या तिन्ही गोष्टी बहुधा नसतात. त्या परत कशा आणाव्या आणि चित्रफितीचा उपयोग खऱ्या धड्यासारखा कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. सुमारें सत्तर वर्षांपूर्वीं तें आपल्याच मुलखांत मिळालेलें आहे; तेव्हां यंत्र मोबाईलचें नव्हतें, रेडिओचें होतें, एवढाच फरक. कानडा देशांत १९४१ सालीं शेतकऱ्यांचीं नभोवाणीमंडळें सुरू झालीं होतीं. ठरलेल्या रात्रीं शेजारपाजारचीं माणसें एका घरीं जमत, आधीं आलेलें पत्रक वाचीत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि काय ठरलें तें केंद्राकडे लिहून कळवीत. वाचा, ऐका, चर्चा करा आणि कृति करा, हें त्यांचें ब्रीद होतें. त्याच धर्तीवर १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साह्यानें मराठी खेड्यांत प्रयोग केला. पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवांत श्रोतृमंडळें स्थापन करण्यांत आलीं. एकेका मंडळांत वीसेक माणसें असत. आठवड्यांतून दोन वेळां, अर्ध्या अर्ध्या तासाचे, असे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला कीं रेडिओ बंद करावयाचा, आणि ऐकलेल्या गोष्टीवर मंडळींनीं आपसांत बोलावयाचें; न सुटलेले प्रश्न पुण्यास कळवावयाचे, म्हणजे त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत येत.

या प्रयोगाची परीक्षा मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं केली. परीक्षेची रीत शेतकऱ्याला सहज समजेल अशी होती, कारण आपण खताची परीक्षा अशीच करतों. कांहीं गांवें रेडिओ व मंडळ दोन्ही असलेलीं घेतलीं, कांहीं रेडिओ असून मंडळ नसलेलीं घेतलीं, आणि कांहीं रेडिओच नसलेलीं घेतलीं. कार्यक्रमांच्या आधीं व नंतर लोकांस प्रश्न विचारून त्यांची माहिती किती वाढली हें पाहिलें. मंडळाच्या गांवांत वाढ फार ठळक दिसली. मंडळ नसलेल्या गांवांत, रेडिओ असूनसुद्धां, ती नगण्य होती. म्हणजे यंत्र तेंच. एके ठिकाणीं त्याच्याभोंवतीं बसून बोलणारीं माणसें होतीं, दुसरीकडे नव्हतीं. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यांत आली, आणि तेव्हांपासून शेतकरी-शिक्षणाचा विचार करणारांस हा निष्कर्ष ठाऊक आहे. तरी प्रत्येक नवें यंत्र आलें कीं तो विसरला जातो, हें नवल आहे.

यंत्रें तर एकामागून एक आलीं. २६ जानेवारी १९६७ रोजीं दिल्लीजवळच्या ८० गांवांसाठीं दूरचित्रवाणीवर ‘कृषिदर्शन’ सुरू झालें. १९७५-७६ सालीं अमेरिकेचा उपग्रह वर्षभर वापरावयास घेऊन सहा राज्यांतील २४०० खेड्यांत सार्वजनिक संचांवर कार्यक्रम दाखविण्यांत आले. पुढें संगणक आला, इंटरनेट आलें, आणि आतां ज्याच्या त्याच्या खिशांत पडदा आहे.

चित्रफितीच्या बाबतींत न्यूराथ यांच्यासारखीच एक परीक्षा आपल्या शेजारीं कर्नाटकांत झालेली आहे. २००६ सालीं बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधनशाळेंत रिकिन गांधी व त्यांचे सहकारी यांनीं ‘डिजिटल ग्रीन’ नांवाचा उपक्रम हातीं घेतला. मोठ्या तज्ज्ञाचें व्याख्यान चित्रित करण्याऐवजीं त्यांनीं त्याच भागांतील शेतकऱ्यांचें काम चित्रित केलें, आणि त्या लहान लहान चित्रफिती गांवांतल्या गांवांत जमलेल्या मंडळींस दाखविल्या. दाखविणारा गांवचाच माणूस असे. तो मधेंच चित्र थांबवी, प्रश्न विचारी, हजेरी घेई, आणि पुढें कोणी काय करून पाहिलें याची नोंद ठेवी. तेरा महिने व १६ गांवें मिळून झालेल्या चाचणींत, शेतकी-प्रसारकानें फिरून सांगण्याच्या नेहमींच्या रीतीशीं ताडून पाहतां, कांहीं सुधारलेल्या पद्धतींचा स्वीकार सातपट झाला. खर्चाच्या मानानें पाहिलें तर ही रीत दहापट फलदायी ठरली. ही मोजणी उपक्रम चालविणारांनींच केलेली आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तथापि त्यांनीं सांगितलेली एक गोष्ट आम्हांस आंकड्यांहून अधिक मोलाची वाटते. चित्रफीत पाहणारे शेतकरी बहुधा पहिला प्रश्न पिकाविषयीं विचारीत नसत. चित्रांतला हा माणूस कोण, आणि कोणत्या गांवचा, हें ते आधीं विचारीत. गांव जवळचें, माणूस आपल्यासारखाच अल्प जमिनीचा, असें कळलें म्हणजे मग बाकीचे प्रश्न येत.

असें कां व्हावें, याचाही थोडा उलगडा शिक्षणशास्त्रांत झालेला आहे. चित्र पाहतांना आपणांस सर्व समजलें असें वाटतें. परंतु समजल्यासारखें वाटणें आणि आठ दिवसांनीं आठवणें यांत मोठें अंतर आहे. अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कांहींनीं एक उतारा पुनः पुनः वाचला. कांहींनीं तो एकदां वाचून, कागद बाजूस ठेवून, आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुनः पुनः वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हां आठवून लिहिणारे बरेच पुढें गेले. गंमत अशी कीं, आपणांस चांगलें आठवेल असा भरंवसा वाचणारांनाच जास्त होता. एकच चित्रफीत तीनदां पाहून “आलें ध्यानांत” म्हणणारा शेतकरी या वाचणारांच्या पंक्तीचा होय. पडदा बंद करून “आतां पहिल्यापासून सांगा पाहूं” असें त्याला कोणीतरी म्हटलें पाहिजे.

दुसरी गोष्ट चित्रफितीच्या घडणीची. कॅलिफोर्नियांतील रिचर्ड मेयर यांनीं चित्र व शब्द यांच्या मेळावर पुष्कळ प्रयोग केले आहेत. त्यांचें सार असें कीं, चित्र चालू असतां तोंडी सांगणें चांगलें. तेंच बोलणें पुनः अक्षरांनीं पडद्यावर लिहिल्यास पाहणाराची दृष्टि चित्रावरून उडते. विषयाशीं संबंध नसलेलें संगीत व शोभेचीं चित्रें शिकण्यास अपाय करतात. लांब पाठ तुकड्यांनीं दाखविला, आणि पुढें केव्हां जावयाचें हें शिकणाराच्या हातीं ठेवलें, तर तो अधिक समजतो. आपल्या मोबाईलवर येणाऱ्या पुष्कळशा शेतकी चित्रफितींत नेमके उलट प्रकार असतात : ढोलताशांचें संगीत, पडद्यावर धांवणारीं रंगीत अक्षरें, आणि “शेवटपर्यंत पाहा” अशी आर्जवें. मनोरंजन म्हणून तीं पाहावयास हरकत नाहीं.

कोणती चित्रफीत धड्यास घेऊं नये

धड्यास चित्रफीत निवडतांना पहिला प्रश्न, ती कोठली आणि कोणत्या हंगामाची, हा आहे. द्राक्षाचें उदाहरण घ्या. कॅलिफोर्निया किंवा फ्रान्समधील वेल हिवाळ्यांत पानें टाकून झोंपी जातो, आणि त्याची मुख्य छाटणी वर्षांतून एकदांच, त्या झोंपेंत, होते. आपल्याकडे हिवाळा तितका कडक नसल्यामुळें वेल झोंपत नाहीं. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या आपण करतों. तिकडील चित्रफितींत कात्री धरण्याची रीत सुरेख दिसेल. पण किती डोळे ठेवावे व केव्हां छाटावें हें तिच्यावरून घेणारा आपलें वर्ष गमावील. तीच गोष्ट पंजाबांतील गव्हाच्या पाण्याची, आणि कोंकणांतील भाताच्या रोपवाटिकेची. चित्रफितीवर स्थळ, महिना व साल नसेल तर ती धड्यास निरुपयोगी समजावी.

दुसरा प्रश्न, बोलणारा काय विकतो. औषधाच्या विक्रेत्यानें औषधाची माहिती दिली तर त्यांत पाप नाहीं. परंतु तीच बाटली न वापरलेली ओळ त्यानें शेजारीं दाखविली आहे काय, हें पाहावें. बहुधा ती दिसत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. पंपांत “एक झांकण” किंवा “दोन झांकणें” टाका, अमुक औषधांत तमुक मिसळा, असें सांगणारी चित्रफीत सभेंत दाखवूंच नये. झांकणें निरनिराळ्या मापांचीं असतात आणि पंपही. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना झालेल्या विषबाधेनें वीसपेक्षां अधिक माणसें दगावलीं, हें आपण विसरलों नसूं. औषधाच्या मात्रेस आधार बाटलीवरील पत्रकाचा व कृषि विद्यापीठाच्या शिफारशीचा, चित्रफितीचा नव्हे. पत्रकावरील त्रिकोणाचा रंग तांबडा असेल तर औषध अत्यंत विषारी, पिवळा असेल तर त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी, हें ओळखण्यास शिकविणारी चित्रफीत मात्र अवश्य दाखवावी. तोंड-नाक कसें झांकावें, वाऱ्याकडे पाठ करून कसें चालावें, या गोष्टी शब्दांपेक्षां चित्रांत चांगल्या समजतात.

एक धडा प्रत्यक्ष

आतां एक धडा सांगोपांग पाहूं. विषय सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ति घरीं तपासणें. हा विषय मुद्दाम घेतला आहे. २०२० च्या खरिपांत मराठवाडा व विदर्भांत अनेक ठिकाणीं सोयाबीन उगवलें नाहीं, आणि दुबार पेरणीचा प्रसंग येऊन शेतकऱ्यांच्या तक्रारींचा पाऊस पडला. बियाणें विकत घेतलेलें असो वा घरचें, पेरण्यापूर्वीं तें तपासणें हा बिनपैशाचा विमा आहे. सोयाबीनचें साल अत्यंत पातळ असतें, आणि अंकुर त्या सालाच्या लगेच खालीं असतो. पोतें उंचावरून आदळलें, मळणीयंत्र फार वेगानें फिरलें, किंवा थप्पीच्या तळाशीं दाब बसला कीं दाणा बाहेरून टपोरा दिसूनही आंतून मेलेला असतो. डोळ्यांनीं पारख होत नाहीं ती येथेंच.

हा धडा मे महिन्याच्या मध्यास, पेरणीपूर्वीं तीन आठवडे तरी, ठेवावा. मंडळी पंचवीसहून जास्त नसावी. येतांना प्रत्येकानें आपल्या घरच्या बियाण्याची मूठ आणावी. ती एकाच पोत्याच्या तोंडची न घेतां, निरनिराळ्या पोत्यांच्या वरून, मधून व तळांतून घेऊन एकत्र केलेली असावी. वर्गचालकानें गोणपाटाचे तुकडे, पाण्याची बादली व सुतळी तयार ठेवावी. चित्रफीत आठदहा मिनिटांची पुरे, आणि ती इंटरनेटवर अवलंबून न ठेवतां आधींच यंत्रांत उतरवून घ्यावी; नाहीं तर सभा सिग्नलची वाट पाहण्यांत जाते.

पहिल्या तुकड्यांत नमुना कसा घ्यावा हें दाखवावें, आणि पडदा थांबवावा. वर्गचालकानें सांगूं नये; विचारावें : “आपण आणलेली मूठ या रीतीनें घेतली आहे कीं नाहीं?” येथें सभेंत थोडी चुळबुळ होईल, आणि होऊं द्यावी. दुसऱ्या तुकड्यांत ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडून गुंडाळी करण्याची कृति दाखवावी. पुनः थांबवून, प्रत्येकाकडून ती करवून घ्यावी. गोणपाट किती ओलें असावें, हें जगांतील कोणतीही चित्रफीत शिकवूं शकत नाहीं. पिळल्यावर पाणी ठिबकूं नये पण हाताला गारवा लागावा, हें बोटांनींच कळतें. म्हणून येथें पडद्यापेक्षां बादली महत्त्वाची.

तिसऱ्या तुकड्यांत चित्रफीत आपलें खरें सामर्थ्य दाखविते. सहा-सात दिवसांचा अंकुर अर्ध्या मिनिटांत वाढलेला दिसतो. आणि जवळून घेतलेल्या चित्रांत चांगला कोंब कोणता, मूळ फुटून थांबलेला कोणता, डाळिंब्या तुटलेला कोणता, आणि बुरशीनें ग्रासलेला कोणता, हें शेवटच्या ओळींतील म्हाताऱ्यालाही दिसतें. हा भेद छापील लेखांत, येथेंही, आम्हांस सांगतां येत नाहीं. चित्र थांबवून एकेका दाण्यावर बोट ठेवावें, आणि “हा मोजावा कीं सोडावा?” असें सभेस विचारावें. सभेंत मतभेद झाले तर उत्तम. मतभेद झालेला दाणा माणूस विसरत नाहीं.

चौथा तुकडा हिशेबाचा. शंभर दाण्यांपैकीं सत्तर किंवा अधिक सशक्त कोंब आले तर एकरीं ३० किलो बियाणें. सत्तराच्या खालीं जितके कोंब कमी, तितके अर्धे किलो एकरीं वाढवावे. पासष्ट आले तर साडेबत्तीस किलो, साठ आले तर ३५ किलो. साठाच्याही खालीं गेलें तर तें बियाणें तेलाच्या गिरणीस द्यावें, शेतांत घालूं नये. हा हिशेब पडद्यावर दाखवून पुरत नाहीं. ज्याची जमीन साडेतीन एकर आहे त्यानें त्रेसष्ट कोंबांस किती बियाणें लागेल तें तेथेंच तोंडानें काढावें. चूक झाली तर शेजाऱ्यानें सुधारावें.

मग पडदा बंद. कोणीतरी एकानें, शक्य तर सभेंत न बोलणाऱ्यानें, सर्व कृति पहिल्यापासून सांगावी. हीं पांच मिनिटें पुष्कळदां गाळलीं जातात, कारण रात्र झालेली असते आणि चहा आलेला असतो. आमच्या मतें चित्रफीत गाळली तरी चालेल, हीं पांच मिनिटें गाळूं नयेत.

धडा येथें अर्धा झाला. गुंडाळ्या घरीं सावलींत ठेवून, रोज पाणी शिंपडून, आठव्या दिवशीं सर्वांनीं त्या घेऊन पुनः यावें. त्या दिवशीं चित्रफीत नको. वीस गुंडाळ्या एका ओळींत उघडल्या म्हणजे त्यांतच सर्व चित्र असतें. एकाचे ब्याऐंशीं, दुसऱ्याचे चव्वेचाळीस, असे आंकडे फळ्यावर लिहिले कीं चव्वेचाळीसवाल्याला कोणी उपदेश करावा लागत नाहीं. ज्याचें बियाणें उत्तम निघालें त्याच्याकडून घ्यावें कीं बाजारांत जावें, हा सौदा मंडळी आपसांत ठरवितात, आणि जूनला अजून वेळ असतो. बुरशीनाशक आधीं चोळावें, रायझोबियमचें जिवाणूखत पेरणीच्या थोडें आधीं दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणांत लावून सावलींत सुकवावें, हा पुढचा लहान धडा त्याच दिवशीं करून दाखवावा.

आपली चित्रफीत आपण घेणें

वरील धड्यास लागणारी चित्रफीत बाहेरून मागविण्याची गरज नाहीं. संघाच्या एखाद्या सभासदाच्या तरुण मुलास ती साध्या मोबाईलवर घेतां येईल. मोबाईल हातांत न धरतां विटांच्या चळतीवर आडवा टेकवावा, म्हणजे चित्र हलत नाहीं. सूर्य चित्र घेणाराच्या पाठीशीं असावा. वारा सुटण्यापूर्वीं, सकाळीं, घ्यावें. एरवीं बोलण्याऐवजीं नुसता सूं सूं आवाज येतो. बोलणारा मोबाईलपासून दोन हातांच्या आंत असावा. अंकुराची वाढ दाखवावयाची असेल तर रोज त्याच वेळीं, त्याच जागेवरून एकेक चित्र घ्यावें, आणि तीं जोडावीं. एका चित्रफितींत एकच काम असावें. पेरणी, खत व तण या तिघांस एकत्र बांधलें कीं एकही ध्यानांत राहत नाहीं.

भाषेकडे विशेष लक्ष द्यावें. पश्चिम महाराष्ट्रांत ज्याला कुळव म्हणतात त्याला वऱ्हाडांत वखर म्हणतात. इकडची कोळपणी तिकडे डवरणी होते. पाभरीच्या ठिकाणीं तिफण येते. व्याख्यानांतील ग्रांथिक मराठी समजत नाहीं असें नव्हे, पण ऐकणारा ती परक्याची समजून बसतो. ज्या गांवांत दाखवावयाची त्या गांवच्या बोलींत बोलणारा शेतकरी शोधावा. तो अडखळला तरी चालेल. आणि त्याच्या तोंडून काय फसलें हेंही वदवून घ्यावें, कारण पाहणाराचा विश्वास तेथें बसतो.

एक गोष्ट आमच्या सभांतून सतत राहून जाते. बियाणें निवडणें, वाळविणें व सांठविणें हें काम पुष्कळ घरांत बायका करतात, आणि बियाण्याचा धडा चावडीवर, रात्रीं, पुरुषांस दिला जातो. बांगलादेशांत भाताच्या बियाण्याविषयींच्या चित्रफिती तयार झाल्या त्यांत शेतकरी स्त्रियांनींच रोगट दाणे वेंचण्याची व बियाणें कोरडें ठेवण्याची कृति करून दाखविली, आणि त्या खेड्यांतून स्त्रियांस दाखविल्या गेल्या. आपल्याकडे बचतगटांच्या बैठका नियमित होतात. तेथें, त्यांच्या सोयीच्या वेळीं, दुपारीं, हाच धडा व्हावा, आणि वर्गचालक बाई असावी.

खर्चाविषयीं दोन शब्द. संघांच्या बैठकींत असा प्रस्ताव हटकून येतो कीं, मोठा पडदा व भारी प्रोजेक्टर घ्यावा. पंचवीस माणसांस एक साधा दूरचित्रवाणी-संच किंवा लहान प्रोजेक्टर व भिंतीवरील पांढरें धोतर पुरतें. ध्वनि मात्र स्वच्छ हवा. चित्र अंधुक असलें तर माणसें पुढें सरकतात, आवाज अस्पष्ट असला तर उठून जातात. वांचलेला पैसा वर्गचालकाच्या मानधनाकडे व जाण्यायेण्याकडे लावावा. यंत्र एकदां घेतलें कीं त्याची पावती दाखवितां येते, आणि माणसाच्या कामाची पावती दाखवितां येत नाहीं, म्हणून जमाखर्चांत यंत्र नेहमीं जिंकतें. पुण्याच्या प्रयोगांतील गांवांत यंत्रें सारखींच होतीं, हें कार्यकारी मंडळापुढें कोणीतरी मांडलें पाहिजे.

व्हॉट्सॲपवर चित्रफीत सर्वांस धाडून दिली म्हणजे धडा झाला, अशीही समजूत आहे. धाडावी जरूर, परंतु सभेनंतर, आठवण म्हणून. घरीं पेरणीच्या दिवशीं शंका आली तर तोच तुकडा पुनः पाहतां येतो, हा मोबाईलचा मोठाच गुण आहे, आणि तो रेडिओला नव्हता.

नोंदवही

वर्गचालकानें एक वही ठेवावी. हजेरी, विचारलेले प्रश्न, उत्तर न देतां आलेले प्रश्न, आणि कोणी काय करून पाहिलें, इतकेंच तींत असावें. उत्तर न देतां आलेले प्रश्न कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाकडे पाठवावे, आणि आलेलें उत्तर पुढल्या सभेंत, नांव घेऊन, वाचून दाखवावें. ज्याचा प्रश्न वाचला जातो तो पुढल्या सभेस येतोच.

पेरणी झाल्यावर पंधरा दिवसांनीं वर्गचालकानें धड्यास आलेल्या व न आलेल्या अशा दहा-दहा शेतांत जावें, आणि प्रत्येक शेतांत चार ठिकाणीं एक मीटर ओळींतील रोपें मोजावीं. ओळींत ४५ व रोपांत ५ सेंटिमीटर अंतर धरलें तर एका मीटरांत वीस रोपें असावयास पाहिजेत. कोठें अठरा भरतील, कोठें नऊ. दोन्ही आंकडे वहींत लिहावे, आणि अठरा भरलेल्या एखाद्या शेताच्या मालकास विचारून तेथेंच पुढल्या वर्षाची चित्रफीत घ्यावी.